अँड सन्स

हीटर लावून तासभर झाला
तरी पाना हाताला चावतोच आहे.
बाहेर उणे एकतीस.
कुत्रासुद्धा पायरीपर्यंत जातो, विचार करतो,
परत येतो.

आजोबांचा, म्हणजे आमच्या घरात गीडोंचा, ट्रक.
सत्तेचाळीस सालचा इंटरनॅशनल, एकेकाळी हिरवा.
एकोणतीस वर्षं पॉपलरच्या झाडीत उभा होता
आणि एक झाड बंपरला बाजूला न सारता
त्याच्यामधून वर गेलं होतं.
आणायला गेलो तेव्हा आधी करवत लागली,
मग साखळी.

केबिनच्या हीटरमध्ये उंदरांनी संसार थाटलेला:
गव्हाचा भुसा, सीटचा कापूस,
धान्य-कोठाराच्या पावतीचा तुकडा,
त्यावर वजन शाबूत
आणि भाव कुरतडलेला.

डाव्या चाकाचे नट सुटेनात.
तेल पाजलं, रात्रभर मुरू दिलं,
गॅसची ज्योत धरली, शिव्या दिल्या,
आधी इंग्रजीत, मग गीडोंच्या युक्रेनीत,
तिच्यातलं मला तेवढंच येतं.
चौथ्या दिवशी बाबा म्हणाले,
डावीकडचे आटे उलटे असतात.
तीन दिवस खुर्चीत बसून बघत होते.
"मला वाटलं, तुला माहीत असेल."

ओरेस्त प्रोकोपचुक, वय ब्याऐंशी,
मांडीवर घोंगडी, थर्मासच्या झाकणात चहा.
मदतीला येत नाहीत. नुसते येतात.

दारावर पुसट पिवळी अक्षरं होती:
प्रोकोपचुक अँड सन.
लहानपणापासून तेवढंच वाचत आले.
सन म्हणजे बाबा.
मग मी कुठे, हे नवव्या वर्षी विचारून झालं होतं,
उत्तरादाखल मला
बाबांच्या मांडीवर बसून स्टिअरिंग मिळालं होतं.

ऐंशी नंबरचा सँडपेपर, मग एकशेवीस,
मग दोनशेवीस, ओला करून, हात सैल सोडून.
सनच्या पुढचा हिरवा जरा वेगळा निघाला,
वीतभर, घाईने मारलेला,
ब्रशचा एक केस अजून त्यात अडकलेला.
आणि त्याच्याखाली
एस.

मी कागद खाली ठेवला.
बाबांनी खुर्चीतूनच पाहिलं.
"वासिल," ते म्हणाले,
एखादं माप सांगावं तसं.
"माझा थोरला भाऊ. बासष्टच्या कापणीत
अर्धं शेत उभं असताना
किल्ली खिडकीत ठेवून गेला."

"कुठे?"

"व्हँकूव्हर. पुढचं माहीत नाही.
रंग मी मारला. गीडोंनी सांगितलं म्हणून."
चहा संपेपर्यंत गप्प.
"ब्रश चांगला नव्हता."

त्यानंतर महिनाभर आम्ही इंजिनाबद्दलच बोललो.
कार्ब्युरेटर रॉकेलात बुडवला,
वॉशरसाठी विनिपेगला पैसे पाठवले,
चुकीचे आले, परत पाठवले.
वाढदिवस त्यांच्या लक्षात राहत नाहीत, माझाही,
पण प्लगच्या तारा जोडताना
न विचारता पाढा म्हणत होते:
एक, पाच, तीन, सहा, दोन, चार.
मी चुकून दोनच्या जागी चार लावली
तेव्हा काठी आपटली.

एप्रिलच्या एका मंगळवारी
पहिल्यांदा तो शिंकला,
दुसऱ्यांदा काहीच नाही,
तिसऱ्यांदा सायलेन्सरमधून
भुसा, गंज, निळा धूर आणि उंदरांचा उरलेला संसार
सगळं अंगणातल्या बर्फावर.
मग चालू राहिला.
बाबा खुर्चीतून उठून दारापर्यंत गेले,
तिथे हात ठेवून उभे राहिले,
पत्रा थरथरत होता की हात,
मी पाहिलं नाही, मी पेट्रोल बघत होते.

रंगाऱ्याचा फोन आला. अक्षरं काय काढायची?
मी फोन बाबांना दिला.
"होतं तसं काढ," ते म्हणाले.
"कधी होतं तसं?" त्याने विचारलं,
मला इथपर्यंत ऐकू आलं.
बाबांनी थोडा वेळ फोन कानाला धरला,
मग माझ्या हातात परत दिला.

दार अजून प्रायमरमध्येच आहे, करडं.
गावात दूध आणायला मी तसाच नेते.
लोक विचारतात, पूर्ण झाला का.
चालतो, मी म्हणते.