निळा प्लग

पुंता आरेनासला वारा सुट्टी घेत नाही.
लोकरीच्या सहकारी गोदामात मी पोचलो तेव्हा
नेवेन्का बारिया दाराला पाठ लावून उभी होती;
तिनं दार धरलं होतं की दारानं तिला, कळत नव्हतं.

"सान्तियागोहून नवा कॉम्प्युटर आलाय.
पडदा पाठवला नाही. मी मागितलाही नाही.
हा आहे की."

हा म्हणजे सतरा इंची, एकोणीस किलोचा,
पाठीला पोक, अंग पिवळं पडलेलं,
माथ्यावरच्या झरोक्यांवर मांजर.
तीन दिवस तो थंडच होता,
तरी मांजर जागा सोडत नव्हतं.

मागे वाकून पाहिलं.
इकडे निळा प्लग, पंधरा पिना, पाच-पाचच्या तीन ओळी,
त्यातली एक कधी वाकलेली
आणि कुणीतरी दाभणानं सरळ केलेली.
तिकडे एक चपटी फट,
बाहुलीच्या घराला टपालपेटी असावी तशी.

भाचा येर्को स्वस्तातली केबल घेऊन आला होता,
एक टोक चपटं, एक निळं.
दोन्हीकडे घट्ट बसली.
पडदा ढिम्म.

"बसते तर आहे, मग?"

सोयरीक जुळली म्हणून बोलणं होतंच असं नाही, येर्को.
तिकडून येतात आकडे, सुटे, मोजून दिलेले,
आणि याला आकडे कळत नाहीत.
याला लागतो चढउतार,
लाल केवढा, हिरवा केवढा, निळा केवढा,
तारेतून घसरत येणारी मींड.

मी खिशातून दुभाषी काढला.
अंगठ्याएवढा, काळा, पोटात एक चिप,
मागे यूएसबीची शेपटी,
कारण हा उपाशीपोटी बोलत नाही.

धम्म.
काचेमागे काहीतरी हललं,
माझ्या हातावरची लव उभी राहिली, मांजर उतरलं.
मग काळोखात एक छोटी चौकट फिरू लागली:
मर्यादेबाहेर.
इथून तिथे, तिथून इथे,
मर्यादेबाहेर.

नव्यानं आपलं मोठं मोजमाप पाठवलं होतं, न विचारता.
विचारून तरी काय?
हा जन्मला तेव्हा
नाव-गाव सांगायची रीतच नव्हती.

दिसत नसलेल्या पडद्यावर सेटिंग बदलता येत नाही,
म्हणून येर्कोनं जेवणघरातला टीव्ही उचलून आणला
आणि त्याच्यामागे चार कामगार आले, शिव्या घालत,
फुटबॉल अर्ध्यावर तुटलेला.
एक हजार चोवीस बाय सातशे अडुसष्ट.
साठ हर्ट्झ. पंच्याहत्तर नंतर बघू.
टीव्ही काढला. दुभाषी लावला.

आलं.
जरा डावीकडे कललेलं, कडांना कापरं,
बटणं दाबदाबून मधोमध आणलं.
नवा प्रोग्राम, पांढराफटक, गोल कोपऱ्यांचा,
आणि त्या पांढऱ्यावर
करड्या रेघा.

मी केबल हलवली. रेघा हलल्या नाहीत.
उभ्या चार, आडवी एक.
गठ्ठा. मालक. वजन. दर.
बावीस वर्षं एकाच जागी पेटून
काचेमागचा लेप जळून गेला होता;
ही चौकट आता कुठल्याच कॉम्प्युटरची नव्हती.
खाली कोपऱ्यात, वाचू म्हटलं तर वाचता येणारं
एक नाव: ओनोफ्रे.

"जो बसेल त्याचं नाव तिथे यायचं," नेवेन्का म्हणाली.
"बसायचा तोच."

येर्कोनं विचारलं, हे पुसता येईल?
मी म्हणालो, नाही.
तिनं विचारलंच नव्हतं.
ती खुर्ची पुढे ओढून बसली होती,
माउसनं नवी खिडकी धरून
थोडी खाली, थोडी उजवीकडे,
अजून एक केसभर,
वजनाचा रकाना
जुन्या वजनाच्या रेघेत येईपर्यंत.

मग पहिला गठ्ठा लिहिला.

दुभाषी हाताला कोमट लागत होता.
मी बिल केलं, येर्कोची केबल त्याला परत दिली.
टीव्ही जागेवर नेऊन लावला तेव्हा सामना संपला होता,
आणि कोण जिंकलं
हे चौघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं.