अडीचची बिल्ड

तार्तूतल्या एका तळघरात
पहाटे अडीचला जुना सर्व्हर जागा होतो,
दिवसभर कुठूनकुठून आलेला कोड गोळा करतो,
मळतो, भाजतो,
आणि चव न बघताच वाढून ठेवतो.
तिला म्हणतात नाइटली.
जूनमध्ये तिथे रात्र अशी होतच नाही,
आकाश नुसतं फिकं पडतं.
तरी नाव तेच.

प्रोग्राम साधा: पडद्यावरचं वाचून दाखवतो,
ज्यांना पडदा दिसत नाही त्यांना.

वर्षातून दोनदा निघते ती स्टेबल.
तिच्या आधीचे आठ आठवडे राइवो
नवं काही आत घेत नाही, दारात उभा राहतो
कोठीघराच्या किल्ल्या कमरेला लावलेल्या काकूसारखा.
"चांगलं आहे," म्हणतो, "पण पुढच्या खेपेला."
अंधशाळा, ग्रंथालयं, नगरपालिकेची खिडकी,
सगळीकडे हीच चालते.
कुणी तिच्याबद्दल बोलत नाही. हीच तिची स्तुती.

हाप्सालूला हिल्लार कोइव राहतो. पियानो जुळवतो.
वय एकाहत्तर, डोळे चौथ्या वर्षी गेलेले.
मी 'कोइव' लिहिलं तेही चूकच.
त्यात एक स्वर आहे, देवनागरीत त्याला अक्षर नाही.
'ओ' म्हणायला निघावं आणि ओठ गोल करायचे विसरावेत,
तसा काहीसा.
स्टेबलही माझ्यासारखीच चुकायची.
दुरुस्ती झालेली होती, नाइटलीत होती,
स्टेबलमध्ये यायला नोव्हेंबर उजाडणार होता.
"तोवर मी दुसऱ्या कुणाच्या नावाने जगू?"
त्याने विचारलं, आणि तेव्हापासून
रोज सकाळी कॉफीच्या आधी
नवी बिल्ड चढवू लागला.

त्याचे रिपोर्ट येत:
आज स्वल्पविरामाला धाप लागते.
आज आकडे घाईत आहेत.
आज तुमची बाई नाकात बोलते, पडसं आहे का?

सतरा जूनला, सहा वाजून दहा मिनिटांनी:
आज ती गप्प आहे.
मी काय टाइप करतोय ते मला ऐकू येत नाही.
चुका असतील तर सांभाळून घ्या.

एकही चूक नव्हती.
पत्र मात्र दोनदा आलं होतं.
गेलं की नाही, हे त्याला कळणार कसं?

ओळ सापडली. केर्तची. वय एकोणीस,
पहिलाच कोड, एक अट उलटी पडलेली.
राइवोनेच ती तपासली होती, जांभई देत.
"मी सोडते," ती म्हणाली.
"आधी ओळ मागे घे, मग सोड."
अडीचची वाट न बघता नऊलाच बिल्ड निघाली,
पण मुक्या संगणकावर ती चढवायची कशी?
केर्तने फोन लावला.
"टॅब, चार वेळा. आता एंटर. आता थांबा."
पलीकडे घड्याळाची टिकटिक, खुर्चीची करकर,
बराच वेळ.
मग खोलीच्या टोकाहून यावा तसा
बाईचा आवाज: "डेस्कटॉप."
"आली," म्हातारा म्हणाला,
जशी काही बाजारातून.
केर्त रडत होती की हसत,
राइवोने तिकडे बघितलं नाही.

नोव्हेंबरात स्टेबल निघाली.
पोल्व्याच्या ग्रंथालयात एकीने ती चढवली.
काही झालं नाही.
पुढच्याला ठेच, मागचा शहाणा, म्हणतात;
इथे मागचीला दगडाचाही पत्ता नव्हता.
तिने हवामान ऐकलं, कोट चढवला,
आणि बस पकडायला गेली.

राइवोने हिल्लारला कळवलं:
तुमचं नाव आता स्टेबलमध्येही बरोबर येतं.
या इकडे, निवांत.

उत्तर आलं:
पियानो जुळवून झाकण लावलं
की त्याच क्षणापासून तो उतरायला लागतो.
माझं घर त्यावरच चाललं.
मी आहे तिथे बरा.
ता. क. आज ती 'शनिवार' जरा चढ्या सुरात म्हणते.
फार नाही. केसभर.