आतून ठोकलेलं

वनखात्याला यादी हवीय. रकाने सात.
प्राणिशास्त्राच्या कपाटात मधल्या फळीवर
फॉर्मॅलिनमधल्या सरड्यामागे ते सापडलं :
नॉटिलस, कवच, उभं कापलेलं, अर्धं.
चिठ्ठीवरची शाई उडालीय. 'भेट' एवढं वाचता येतं,
आणि साल, एकसष्ट.

पाचवा रकाना, अधिवास.
इथे पेन थांबलं.
समुद्रसपाटीपासून नाशिक सहाशे मीटर वर
आणि हा जवळपास तेवढाच खाली,
प्रवाळाच्या कड्याबाहेर, जिथे उतार काळा होत जातो.
रात्री वर येतो, उजाडायच्या आत परत.
आमच्या दगडात तर शिंपल्याचा साधा ठसाही नाही;
लाव्ह्याचा दगड, त्यात कधी कुणी पोहलं नाही.

नियमात बसत नाही, तरी डब्याच्या पिशवीत
नॅपकिनमध्ये गुंडाळून मी ते घरी नेलं.

तांबट लेनमध्ये दिवे गेलेले.
दादा ओट्यावर, एक्क्याऐंशीचे.
घंगाळं मठारता मठारता कान गेले,
आता भांडं तपासायचं तर
ते जबड्याच्या हाडाला टेकवतात आणि नखाने टिचकी मारतात.
तसंच केलं. डोळे मिटून.
मग अंगठा फिरवला, बाहेरून, आतून,
जसा गिऱ्हाइकासमोर फिरवायचे.

"डाक कुठाय?"
नाही, म्हटलं मान हलवून.
"मग हे आतून ठोकलंय. बसून. आतच बसून."

मी पाटी घेतली. (आमच्या घरात बोलणं पाटीवर होतं.)
लिहिलं : रक्तात तांबं असतं. निळं.
त्यांनी दोनदा वाचलं. हसले नाहीत.
टॉर्च जवळ घेऊन आतली मोत्याची चमक बघत राहिले.
"म्हणजे कल्हई केलीय," म्हणाले,
"तांब्याला लागतेच. नाहीतर कळकतं सगळं."

मग बरंच काही लिहिलं, पुसलं, लिहिलं.
नव्वदएक भुजा, पण एकीलाही चूषक नाही.
डोळ्याला भिंग नाही, नुसतं छिद्र,
समुद्र सरळ आत येतो. म्हणून वासावर जगतो.
खातो काय? मेलेलं. आणि खेकड्यांनी टाकलेली कवचं.
"मोड घेतो म्हणजे," दादा म्हणाले. "आपल्यासारखा."
अंड्यातून निघायलाच वर्ष,
वयात यायला दहा-बारा, कधी जास्त.
यावर काही बोलले नाहीत. माझ्याकडे बघितलं फक्त.

कप्पे मोजले त्यांनी, एकतीस.
शेवटचा मोठा, तिथे तो राहायचा.
मग भुवया चढल्या.
प्रत्येक पडद्याला मधोमध भोक.
दादांनी खिशातून तार काढली,
कापातून दिसणाऱ्या भोकांवर एक एक टेकवत गेले,
आणि ज्या आवाजात व्यापाऱ्यांचा माल परत करायचे
त्या आवाजात म्हणाले,
"गळकं आहे."

पाटी भरली, उलट बाजूही भरली :
भोकांतून नळी जाते, जिवंत.
नवा कप्पा आधी पाण्याने भरलेला असतो.
नळी ते पाणी ओढून घेते, हळूहळू, महिने लागतात,
आणि रिकामं झालं की तो तरंगतो.
भोक नसतं तर बुडाला असता.

दिवे आले. पंखा फिरला, पाटीवरची खडू उडाली.
दादा कवच मांडीवर घेऊन बसलेले,
टिचकी न मारता.

सकाळी चहा ओतताना मध्येच, जणू रात्रीचंच वाक्य चालू :
"आणि नळी बुजली तर?"

मी पाटी शोधत होते. त्यांनी हात हलवला, राहू दे.

कॉलेजात पोचल्यावर अर्ज उघडला.
पाचव्यात मी खोली लिहिली, मीटरमध्ये.
सातव्या रकान्यात, शेरा, आधीच काहीतरी होतं,
पेन्सिलीने, वजनाच्या वहीतल्या त्या तिरप्या अक्षरात :
काम आतून. डाक नाही. भोक राखलेलं.

खोडरबर हातात घेतला होता.
तसाच अर्ज पुढे पाठवला.