बुरुल्कान एजेचं बीट

आधी काम सोपं होतं.
समोवरचा चहा, साखर, एकेक पाव.
दोनशे बारा पाव वाटले
की मी हात पुसून मोकळी.
तिसऱ्या तासाला पोरं बाकावर डोकी टेकायची.
आम्ही म्हणायचो, तिएन शानची थंडी, दुसरं काय.

आता पहाटे पाचला चूल.
जवाची लापशी, मसूर, किसलेलं गाजर,
आणि बीट.
पहिल्या दिवशी बीटाचं सूप
जसं गेलं तसं परत आलं.
एल्दियार म्हणाला,
"एजे, ह्यात कोणाचं रक्त आहे?"
सगळा वर्ग हसला.
मागच्या दारी कुत्र्यांची चंगळ झाली.

मी काही बोलले नाही.
दुसऱ्या दिवशी किसणी त्याच्याच हातात दिली,
म्हटलं, बघ तूच, कोणाचं ते.
मनगटापर्यंत लाल होऊन
वर्गात गेला मिरवत.
त्या दुपारी वाडगा चाटूनपुसून.

काल त्याची आई आली.
दारातच उभी, बुटांवर बर्फ.
"घरी मागतो. कसं करता?"
विचारताना खाली बघत होती,
जशी पीठ उसनं न्यायला आली असावी.
सांगितलं, आधी कांदा परत,
मग थोडं व्हिनेगर, रंग टिकतो.
मी तरी कुठे पोटातून शिकून आले?
पन्नाशीत, खाली नारीनला,
तीन दिवस वही घेऊन बसले होते.

खरं सांगू?
मला बीट अजून आवडत नाही.
पण एल्दियार खिडकीतून बघत असतो,
म्हणून रोज एक वाडगा
उभ्या उभ्या संपवते.