अकराची फेरी

आधी सपाता.
दाराशी लाकडी पेटीत नमद्याच्या करड्या सपाता असतात,
बूट न काढता वरूनच चढवायच्या.
माप एकच, मोठं.
बँकेतला साहेब असो की बर्नोहून आलेली नवी नवरी,
इथून आत सगळे बदकासारखे चालतात.
तिकीटखिडकीतून ओटिलिए बाई म्हणतात,
"गढीची फरशी पुसायला माणूस लागत नाही,
पुसणारेच पैसे देऊन जातात."

मी पुढे, हातात किल्ल्यांचा जुडगा.
पहिलं दालन शिंगांचं. प्रत्येक शिंगाखाली तारीख,
हरणाच्या मरणाची. मारणाऱ्याच्या नाही.
दुसऱ्यात पांढरी शेगडी, थेट छताला टेकलेली,
आणि तिला तोंडच नाही.
लाकडं मागच्या बोळातून सारायची,
म्हणजे ऊब यावी, नोकर दिसू नये.
त्या बोळात माझी पणजी अकरा वर्षं वाकून चालली.
हे मी सांगत नाही.
सांगायच्या कागदात ते नाही.

तिसरं दालन, ज्याच्यासाठी लोक येतात.
इथे वाव्रिनेत्स राहायचा, बॅरनच्या मुलांचा मास्तर.
दिवसा लॅटिन धातू घोकून घ्यायचा,
रात्री लिहायचा तळ्यावरचं ते लांबलचक काव्य,
ज्यातल्या चार ओळी आमच्याकडे शाळेत सगळ्यांना पाठ असतात
आणि पाचवी कुणालाच येत नाही.
"हे त्याचं टेबल," मी म्हणते.
सात वर्षं म्हणते आहे, दिवसाला पाच वेळा,
सोमवारी सुट्टी.

आज सहलीत एक मुलगा होता,
सपातांत उभा, जणू दोन होड्यांत दोन पाय.
दोरीपलीकडे मान घालून म्हणाला,
"त्याची शाई कधी सांडली नाही का?"
बाई म्हणाल्या, "क्वीदो, मागे हो."

क्वीदो मागे झाला.
मी खिडकीकडे हात केला, तळं दाखवलं,
शरदात ते उपसतात तेव्हाचे कार्प मासे,
एकेकाचं वजन किती, भाव काय,
जे मला कुणी विचारलं नव्हतं.

कारण खरं टेबल आमच्या स्वयंपाकघरात आहे.

अठ्ठेचाळीस साली बॅरनचं कुटुंब दोन सुटकेस घेऊन गेलं
आणि गढीत गहू भरायचं ठरलं,
या सगळ्या दालनांतून, कमरेइतका गहू.
सामान अंगणात उघड्यावर.
हवं ते न्या, म्हणाले, उरेल ते जळण.
कुणी आरसा नेला,
कुणी खोगीर, घरी घोडा नसताना.
पणजीने टेबल नेलं.
कवीचं म्हणून नव्हे.
उंची बरोबर होती.
आयुष्यात पहिल्यांदा तिला
न वाकता कणीक मळता आली.

पुढे गढी पुन्हा उघडली, तेव्हा प्रागच्या गोदामातून
त्याच काळातलं एक टेबल आलं,
ओकचं, पॉलिश केलेलं, निष्कलंक.
आमचं सांगायचं राहून गेलं होतं.
मग राहूनच गेलं.

संध्याकाळी कणकेच्या गोळ्यात एकेक आख्खा प्लम दडवत होते.
बाबा रेडिओशी भांडत बसलेले,
कप नेहमीसारखा बशीविना.
मी दिवा खाली ओढला, पीठ बाजूला सारलं.
डावीकडे एक डाग आहे, तळव्याएवढा,
लहानपणी आम्ही त्याला अस्वल म्हणायचो.
शेजारी दुसरा, कडेला वितळल्यासारखा तिसरा.
यातला एखादा शाईचा असणार,
एखादा पणजीच्या मुरंब्याचा,
एखादा, कोण जाणे, आजीचं बाळंतपण याच टेबलावर झालं म्हणतात.
ओल्या फडक्याने घासलं.
वाकून, नाक लावून पाहिलं.

"काय शोधतेस?" बाबांनी विचारलं.
"काही नाही. कप उचला जरा."

कपाखाली आणखी एक होता,
गोल, अजून ओला.