निळा ठिपका

महिन्याच्या सात तारखेला माझं मशीन
शाळेच्या नव्या खोलीत मांडतो.
खोली चाळीस पोरांसाठी बांधली, तसं पाटीवर रंगवलंय.
पोरं तीन.
तिघंही जुन्या खोलीतच बसतात,
नवीत आवाज घुमतो म्हणे.

बाहेर हात धुवायच्या नळांची रांग,
सात वर्षांच्या लेकराच्या उंचीची.
परवा रेशमाबाई कोडापे तिथं तोंड धुताना दिसली,
कमरेतून अशी वाकलेली
की नळ जणू तिचंच माप घेऊन बसवला होता.
हे कोणत्या रकान्यात लिहायचं?

"आंगठा काहून उमटत नाई, आजी?"
"कापूस येचू येचू झिजला बाप्पा. आता काय उमटन!"
ग्लिसरीन लावतो, पुसतो, पुन्हा दाबतो.
पाचव्या खेपेला सरकार तिला ओळखतं.
पंधराशे.

माझ्या बापाचं या गावात किराणा दुकान होतं.
पाझर तलावाच्या कामावर शनिवारी मजुरी वाटली
की बुधवारी तीच नोट आमच्या गल्ल्यात.
चक्कीवाल्यानं शिंप्याला दिलेली,
शिंप्यानं न्हाव्याला,
न्हाव्याचं पोट्टं बोरकूट घ्यायला घेऊन आलेलं.
बाप नोट हुंगायचा, डोळे मिटून.
"पीठ लागलं, तेल लागलं, साबन लागली.
फिरून आली म्हणजे भरून आली."

शिंपी आता पुण्यात कुठल्याशा कंपनीच्या गेटवर उभा असतो.
चक्कीचा पट्टा तुटला तो तुटलाच.
सात तारखेला वाटलेले पैसे
आठला सकाळच्या एसटीनं हिंगणघाटला उतरतात,
बीपीच्या, साखरेच्या गोळ्या, गुडघ्याचं मलम,
आणि तिकडंच राहतात.
रस्ता मात्र झकास झालाय, डांबरी.
पैशाला गावाबाहेर पडायला अर्धा तास पुरतो.

वर्ध्याहून साहेबांचा फोन होता:
"शाळेच्या रंगाला निधी आलाय, लाभार्थी किती धरू?"
म्हटलं, मोजून सांगतो.
त्याच दिवशी, उगाच, खोडी म्हणून
पन्नासच्या एका नोटेच्या कोपऱ्यात
निळ्या पेनानं ठिपका दिला
आणि ती रेशमाबाईच्या पैशांत सरकवली.
परत येईल असं काही वाटलं नव्हतं.

अठरा दिवसांनी चौथीतला सम्यक मून
खोडरबर मागायला आला.
पन्नासची नोट. कोपऱ्यात ठिपका.
"कुठून आणली रे?"
"रेशमा आजीनं देल्ली. महिन्याचे पन्नास.
मी तिले गोयायचे पाकिटं वाचून देतो ना,
सकायची कोणती, रातची कोणती.
डाक्टरचं अक्षर येते मले आता."

मी सुटे पंचेचाळीस मोजून दिले.
तो खोडरबर हुंगत हुंगत गेला, शाळेकडं.
दाराशी कुणी नाही असं पाहून
मीही नोट नाकाशी नेली.
मलमाचा वास.
आणि त्याच्या मागे, अगदी पुसट, पेन्सिलीच्या भुश्याचा.

साहेबांना अजून फोन केलेला नाही.
ठिपक्याच्या शेजारी दुसरा ठिपका काढला
आणि नोट येत्या सात तारखेच्या गड्डीत
सगळ्यात वर ठेवली.