हत्तीच्या मागच्या पायापाशी

निपाणीची तंबाखू रात्रभर भिजत घालायची,
सकाळी फडक्यातून गाळून
त्यात चहाचा चोथा उकळायचा.
या पाण्यातून कागद एकदा काढला
की पाचशे वर्षं जुना होतो.
वर कसर लागत नाही, हा फायदा वेगळा.

हे काम माझं.
रेघ मारायचं भरमाण्णा कडोलकरांचं.
शहापुरात, बंद पडलेल्या मागाच्या खोलीत
मागाच्याच खड्ड्यात पाय सोडून बसतात,
पुढ्यात फळी, फळीवर आफ्रिका.

तीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या त्यांनी.
मराठी. मग कन्नड. मग कन्नड मोठी, मराठी लहान.
रात्रीत कोणी डांबर फासून जायचं,
सकाळी रॉकेलचा बोळा घेऊन शिडीवर भरमाण्णाच.
"ह्यांचं डांबर काय, त्यांचं काय," म्हणतात,
"हाताचा वास दोन दिवस जात नव्हता बघ."
मग फ्लेक्स आले
आणि ब्रश तेवढे उरले.

आता ते जुन्या जगाचे नकाशे काढतात,
कॅम्पातल्या हॉलसाठी, सोफ्याच्या वर टांगायला.
माशांना शिंगं, जहाजांना पोटं,
चारी कोपऱ्यांत गाल फुगवलेले वारे.
चारही तोंडं दस्तगीर बँडवाल्याची;
क्लॅरिनेट काढून घेऊन नुसतं फुंकायला लावलं होतं त्याला.
कडेनं मी शहापुरी साडीचा काठ भरते.
मूळ नकाशात तो नाही.
गिऱ्हाईक विचारत नाही.

हिंदुस्थान अंगठ्याएवढा.
किनाऱ्याला गोवा, ठसठशीत, बुरजासकट.
त्याच्या मागं काय आहे
हे त्या परदेशी माणसाला ठाऊक नसावं,
म्हणून तिथं एक हत्ती उभा केलाय.
मागच्या पायापाशी आपण.
चोर्ल्याचा घाट नाही, मलप्रभा नाही,
कुठली रेघही नाही.

शिवबसप्पा अंगडी बैलहोंगलाहून आले,
मोजणी खात्यातून रिटायर.
मराठी कचेरीतली, ताळा करून बोलल्यासारखी.
"माझं गाव घाला ह्यात."
कुठलं?
"हिडकलच्या पाण्यात आहे.
पाणी कुठवर चढणार ते मीच मोजून दिलं.
आमच्या अंगणात खुंटी मीच ठोकली."

तीन दिवस भरमाण्णांनी त्या कागदाला हात लावला नाही.
चौथ्या दिवशी भर समुद्रात, शिंगवाल्या माशाच्या पलीकडं
तांदळाएवढं बेट:
एक चिंच, एक विहीर, सात घरं.
नाव लिहायची वेळ आली.
ब्रश बुडवला, झटकला, परत बुडवला.
"कुठल्या अक्षरात?" मी विचारलं.
"गप बस की पोरी."
जागा कोरी राहिली.

अंगडींनी भिंग लावलं,
बराच वेळ लावलं.
"हौदु," म्हणाले. "इदे."
मग पुन्हा वाकले,
आणि आतला मोजणीदार उठून बसला:
"विहीर उगवतीला होती.
तुम्ही मावळतीला घातली."

शाई वाळलेली. कागद एकच.
भरमाण्णा खड्ड्यातून वर आले,
दोन्ही हातांनी फ्रेम धरली
आणि फिरवून उलटी केली.
"असं टांगा की. गेली उगवतीला."

अंगडी हसले नाहीत. मान डोलावली.
कडी काढून मी खालच्या पट्टीला ठोकली;
खानापूरचा साग, खिळा घेता घेत नव्हता.

बैलहोंगलात तो तसाच आहे म्हणे.
आलागेला मान वाकडी करून बघतो:
दस्तगीर डोक्यावर उभा राहून फुंकतोय,
हत्तीचे पाय वर, आभाळात,
आणि त्या पायांच्याही वर आपण कुठंतरी.
बेटापाशी, कोऱ्या जागेत,
पेन्सिलीनं बारीक आकडा लिहिलाय.
सर्व्हे नंबर असावा.